खऱ्या बातमीचा बळी

बिली वायल्डर यांचा ‘एस इन द होल’ हा चित्रपट १९५१ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा अमेरिकेत त्यावर घेतला गेलेला प्रमुख आक्षेप असा होता की, वृत्तपत्रव्यवसायाचे हे चित्रण विपर्यस्त आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉझ्ली क्राउदर यांनीही हेच मत मांडले. इतर पत्रकार हात चोळीत बसले असता एकच बातमीदार एवढी मोठी घटना मुठीत ठेवील, हे त्यांना अविश्वसनीय वाटले. हा आक्षेप व्यवसायाच्या प्रतिष्ठेचे रक्षण करतो. चित्रपटाने विचारलेल्या प्रश्नाला मात्र तो बगल देतो.

मोठ्या शहरांतील अनेक वृत्तपत्रांतून हकालपट्टी झालेला चक टेटम न्यू मेक्सिकोतील एका लहानशा पत्रात नोकरी धरतो. तेथील भिंतीवर ‘खरे सांगा’ अशा अर्थाची अक्षरे भरतकाम करून लावलेली आहेत. पुढे लिओ मिनोसा नावाचा माणूस जुन्या वस्तूंच्या शोधात डोंगराच्या गुहेत अडकतो. भिंतींना टेकू देत आत गेल्यास त्याची सुटका एका दिवसाच्या आत होऊ शकते. निवडणुकीच्या चिंतेत असलेल्या शेरीफला हाताशी धरून टेटम डोंगरमाथ्यावरून यंत्राने भोक पाडण्याचा लांबचा मार्ग निवडायला लावतो. बातमी आठवडाभर टिकते. लिओ टिकत नाही.

येथे वायल्डर यांचा खरा घाव आहे. शापित डोंगराची कथा आणि पत्नीचा शोक हे रंग टेटमने भरलेले आहेत; परंतु माणूस अडकला आहे, यंत्र चालू आहे, श्वास मंदावतो आहे, हे सारे खरेच आहे. बातमी खरी ठेवून तो घटनाच लांबवितो. छापलेल्या तपशिलाची शहानिशा एवढीच सत्यनिष्ठा मानणाऱ्या व्यवसायापाशी या अपराधाला नाव नाही. भिंतीवरील ते वचन म्हणूनच अपुरे पडते.

चित्रपटाला पार्श्वभूमी आहे ती केंटकीतील फ्लॉइड कॉलिन्स प्रकरणाची. १९२५ मध्ये कॉलिन्स गुहेत अडकला. बातमीदार विल्यम मिलर स्वतः अनेकदा आत उतरला, सुटकेसाठी झटला आणि १९२६ मध्ये पुलित्झर पारितोषिकाचा मानकरी ठरला. मिलर टेटम नव्हता, हे निर्विवाद. तरीही गुहेबाहेर हजारोंची गर्दी लोटली, खाद्यपदार्थांची विक्री झाली आणि वरून खणलेला मार्ग कॉलिन्सपर्यंत पोचला तेव्हा तो मरण पावला होता. खलनायक नसतानाही जत्रा भरली. मग सारा दोष एका दुष्ट बातमीदारावर ढकलून कोण निर्दोष ठरते?

चित्रपटातील विमाविक्रेता सहकुटुंब येतो, आपणच सर्वप्रथम आल्याचे अभिमानाने सांगतो आणि ध्वनिक्षेपकासमोर आपल्या धंद्याची जाहिरातही करून घेतो. तो क्रूर नाही. त्याला हळहळही वाटते. मैदानात पाळणे उभे राहतात, प्रवेशाचे दर चढत जातात. प्रेक्षकाला हे पाहणे जड गेले असेल, तर त्याचे कारण अतिशयोक्ती नसून ओळख पटणे हे असावे. तिकीटखिडकीवर चित्रपट पडला. निर्मितीसंस्थेने दिग्दर्शकाला न विचारता त्याचे नाव ‘द बिग कार्निव्हल’ असे केले. खपत नसलेल्या मालाचे शीर्षक बदलणे ही टेटमचीच युक्ती. नव्या नावाने बोट मात्र नकळत गर्दीकडेच दाखविले.

वायल्डर यांच्याकडून एक सवलत घडली आहेच. लिओच्या पत्नीने भोसकलेला टेटम अखेरीस कोसळून मरतो आणि न्याय झाल्याचे समाधान प्रेक्षकाला मिळते. पण त्याआधीच लिओच्या मृत्यूची घोषणा झालेली असते, मोटारी निघून गेलेल्या असतात आणि कचऱ्याने भरलेल्या मैदानातून मृताचा वृद्ध पिता एकटा चालत असतो. निघून गेलेल्यांपैकी कोणालाही शिक्षा होत नाही. क्राउदर यांना अविश्वसनीय वाटला तो टेटम. गर्दीच्या खरेपणावर आक्षेप घेणे त्याहून कितीतरी कठीण आहे.