दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे?

पोस्ट मोठी आहे. येत्या हिवाळ्यात अलंग-मदन-कुलंग करायचा बेत असलेल्यांनी पैसे भरण्याआधी वाचावी. आणि डोंगर न चढणाऱ्या अकोलेकरांनीही वाचावी, कारण भार शेवटी आपल्याच माणसांच्या खांद्यावर येतो. अक्षरशः खांद्यावर.

मी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. गेली चौदा वर्षं डोंगरात माझा जोडीदार एकच. पायथ्याच्या एका वाडीतला, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला गुरुजी. हार्नेस, कॅरॅबिनर ही नावं मी त्यांना शिकवली. कुठला दगड पाय ठेवण्याच्या लायकीचा आहे आणि कुठला नुसता दिसायला चांगला आहे, हे त्यांनी मला शिकवलं. व्यवहार फिटला असं मला अजून वाटत नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाशिक आणि आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर, कळसूबाईच्या रांगेत, हे तीन किल्ले एकमेकांना खेटून उभे आहेत. 1818 च्या सुमारास इंग्रजांनी पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, तेव्हापासून अलंग आणि मदन दोराशिवाय नाहीत. अलंगचा कातळटप्पा दोरावरून उतरलं की मदनच्या खिंडीकडे कड्याच्या पोटातून आडवी मारावी लागते. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला काहीच नाही. पाऊलवाट कुठे दोन पावलांची, कुठे एकाच, वर घसारा. चढायला फार अवघड नाही हो, पण नजर खाली गेली की पाय लटपटतात. गिर्यारोहणात याला दृष्टिभय म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे.

आता आडवीचं एक साधं गणित. सरळ चढाईत पहिला वर पोचला की मागच्याचा दोर वरून येतो. पाय सुटला तर तो तिथल्या तिथे लटकतो. आडवीत दोर बाजूने येतो. मागच्याचा पाय सुटला तर तो लंबकासारखा झोका घेऊन कड्यावर आपटतो. म्हणून पुढच्याने जाताना ठिकठिकाणी दोर अडकवत जायचं असतं. स्वतःसाठी तर अडकवायचाच, पण तितकाच मागच्यासाठी. आणि दोर कातळाला कायमचा बांधलेला असेल तर दोन बोल्टच्या मधल्या टप्प्यात एका वेळी एकच माणूस. दुसऱ्याने थांबायचं. हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात.

गेल्या जानेवारीत एका शनिवारी आम्ही दोघं त्या आडवीवर होतो. पुढे एका शहरातून आलेली मोठी बॅच, मागे दुसरी. दोन बोल्टच्या मध्ये मी सहा जण मोजले. एका मुलीचे पाय थरथरत होते, पुढे जाता येईना, मागे सरकता येईना. तिच्या ग्रुपचा लीडर पार पुढे, खिंडीत फोटो काढत होता. दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "गुरुजी, तुम्ही दोर धरा. पोरीला मी घेऊन येतो." ते गेले, तिचा पाय हातानं धरून एकेका खाचेत ठेवत तिला रुंद जागेवर आणलं. तेवढ्यात मागच्या कुणाचा तरी पाय घसरला. सहाही जणांचा दोर एकच, तो एकदम ताणला गेला, वरचा एक दगड सुटला आणि दादांच्या मनगटावर बसला. माझ्या हातात दोर होता म्हणून दादा खाली गेले नाहीत.

घसरलेला मुलगाही सुखरूप होता. दादांचं मनगट मोडलं होतं. त्यांना खाली आणायला वाडीतली पोरं बांबू आणि घोंगडी घेऊन वर आली. स्ट्रेचर नाही, हेल्मेट नाही, पायात रबरी चपला. पायथ्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. लीडरला मी विमा विचारला. तो म्हणाला, "सर, विमा पार्टिसिपंट्सचा असतो. ते आमच्या बॅचमध्ये नव्हते."

बरोबर आहे. त्याच्या यादीत दादा नव्हतेच. त्या मुलीला कड्यावरून कुणी आणलं, हे त्या यादीत लिहायला रकानाच नाही.

हंगाम ऐन भरात असताना दादांचे दोन महिने कामाशिवाय गेले. आमच्या डोंगरपट्ट्यात भात निघालं की हाताला काम नसतं. बायामाणसं नारायणगावकडे मजुरीला जातात. वाटाड्या म्हणून मिळणारे शनिवार-रविवारचे पैसे म्हणजे ज्याला घरी राहून जगता येतं, त्याचा आधार. म्हणून "बंद करा हे ट्रेकिंग" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. रागाच्या भरात मीच ते म्हणालो होतो, तर हात गळ्यात बांधलेले दादा म्हणाले, "बंद करून आम्ही खायचं काय?" बंदीचा आदेश कागदावर निघतो आणि पहिली उपासमार वाडीत होते. शहरातली बॅच दुसऱ्या किल्ल्यावर जाते.

काहीजण म्हणतील, रेलिंग लावा, शिड्या लावा. कळसूबाईला शिड्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात. तिथे म्हाताऱ्या आयाबाया देवीच्या दर्शनाला जातात. अलंग-मदनला रेलिंग लावलं तर गर्दी दुप्पट होईल, आणि पावसाचा मारा असा की लोखंड किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही.

मग काय करावं? एक जुनी गोष्ट सांगतो. आपल्याकडे पायऱ्या उडवल्या त्याच सुमाराला, 1820 मध्ये, तिकडे आल्प्समध्ये माँ ब्लाँवर साहेब लोकांना घेऊन गेलेले तीन वाटाडे हिमप्रपातात मेले. ती शामोनी खोऱ्यातली खेडूत माणसं होती. दुसऱ्याच वर्षी तिथल्या वाटाड्यांनी स्वतःची संघटना काढली. कुणाला कधी काम मिळणार याचे नियम केले आणि अपघातात सापडलेल्यांच्या घरासाठी निधी उभा केला. ती संघटना आजही आहे. डोंगर त्यांनी बंद केला नाही. डोंगरावर नेणारा माणूस आधी सुरक्षित केला.

आपल्याला एवढंही नव्यानं शोधायचं नाही. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण 2021 मध्ये आलं. आयोजकांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं ठेवावीत, हे त्यात आहे. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, म्हणजे वन विभाग आहे. गावोगावी ग्रामपंचायत आहे. तेव्हा माझ्या तीनच मागण्या.

एक, आडवीवर आणि कातळटप्प्यांवर दिवसाला किती माणसं, हे ठरवा आणि पायथ्याच्या गावात नोंद केल्याशिवाय कुणाला वर सोडू नका. आकडा मुंबई-पुण्यात बसून ठरवू नका, वाटाड्यांना विचारा.

दोन, प्रत्येक छोट्या गटामागे एक स्थानिक मार्गदर्शक सक्तीचा. ओझं वाहायला आणि पिठलं-भाकरी करायला नाही, मार्गदर्शक म्हणून. मोबदला तसा, प्रशिक्षण तसं, आणि विमा ट्रेकर्सच्याच पॉलिसीत.

तीन, पायथ्याच्या गावात स्ट्रेचर, दोर, हेल्मेट कायम ठेवा आणि दरवर्षी पोरांना ते वापरायचा सराव द्या. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरसारखे स्वयंसेवक रात्री-अपरात्री धावून येतात, त्यांना हात जोडून नमस्कार. पण ते पोचेपर्यंतचे पहिले काही तास गावाचेच असतात. अभयारण्याच्या नाक्यावर आपण पावती फाडतो, त्यातला काही वाटा इथे यायला काय हरकत आहे?

आणि तुम्ही जाणार असाल तर आयोजकाला चार प्रश्न विचारा. बॅच किती जणांची? तुमची नोंदणी आहे का? स्थानिक वाटाड्या कोण आणि त्याला किती देता? त्याचा विमा आहे का? शेवटच्या दोन प्रश्नांवर समोरचा अडखळला, तर त्याच्या दोरावर जाऊ नका.

दादांचा हात आता बरा आहे, फक्त थंडीत दुखतो. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "दिवाळीनंतर जाऊ गुरुजी, आधी नवा दोर घ्या." दोर घेतला आहे. दादांचा विमाही काढला. एका शिक्षकाला जे जमलं, ते माणशी काही हजार रुपये घेणाऱ्यांना जमू नये?

पटलं तर ट्रेकला जाणाऱ्या मित्रांना पाठवा. नाही पटलं तर वाद घाला, पण त्याआधी एकदा वाडीत येऊन चहा घ्या.