सहल दोघांची, तयारी एकटीची?

‘जोडीनं चार ठिकाणं फिरून आलं, की संसाराचा शीण जातो,’ असं म्हणतात. अगदी खरं! पण मैत्रिणींनो, शीण जातो तो कोणाचा?

धडगावात नोकरीनिमित्त राहणाऱ्या जोडप्यांची ठरलेली सहल म्हणजे तोरणमाळ. अक्राणी तालुक्यातलंच, सातपुड्यात हजार मीटरहून उंचावरचं हे थंड हवेचं ठिकाण. यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी. बघतच राहावं असं. पण ‘ती’ पहाटे चारला उठून पुऱ्या लाटते, थर्मासमध्ये चहा भरते, स्वेटर शोधते. ‘हे’ गाडी पुसतात! तलावाकाठीही ताटं वाढायची हिनंच. परतीच्या वाटेवर तिच्या डोक्यात सिंकमधली भांडी.

होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला पाड्यापाड्यांवरून बायका-पुरुष नटूनथटून येतात. त्या बाईच्या वाट्यालाही कष्ट काही कमी नाहीत. पण त्या दिवशी ती ढोलाच्या तालावर मनसोक्त नाचते. आपण मात्र सहलीतही स्वयंपाकघर सोबत नेतो.

डबा घरीच राहू द्या. तिथंच गरम भाकरी खा. आणि घरी आल्यावर भांडी? ती दोघांनी घासायची. बायकोला सुट्टी नसेल, तर ती सहल कसली?