ड्रायव्हरची झोप आणि वेगळी बॅटरी



उसाचा हंगाम सुरू झाला की अकलूज, शंकरनगर, माळीनगर या पट्ट्यात ट्रक-ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. फडापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता थोडा, पण यार्डात नंबर लागेपर्यंत अर्धी रात्र जाते. आपल्या वस्तीतील अनेक मुले या गाड्यांवर ड्रायव्हर आणि क्लीनर म्हणून राबतात. घरची माउली म्हणते, "भाकरी फडक्यात बांधून देता येते हो, झोप कशी बांधून द्यावी?" आजचा लेख या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

केबिनमध्ये उकाडा आणि डास. पंखा लावून झोपावे तर पहाटे सेल्फ लागत नाही, मग धक्का मारायला माणसे गोळा करायची. इंजिन चालू ठेवून झोपावे तर डिझेल फुकट जळते आणि धूर नाकात जातो. साडेतीन टनांवरील ज्या मालवाहू गाड्या १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार झाल्या, त्यांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. पण आपली मुले चालवतात त्या बहुतेक गाड्या जुन्या. शिवाय गाडीचा एसी इंजिनावर चालतो. उभ्या गाडीत त्याचा उपयोग नाही.

यावर उपाय म्हणजे झोपेसाठी वेगळी बॅटरी. मात्र ती नीट बसवली पाहिजे.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पुष्कळ जण टेप किंवा पंख्यासाठी त्यांतील एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर काढतात. ही मोठी चूक आहे. ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळूनच चार्ज देतो. त्यामुळे एक कायम उपाशी राहते, तर दुसरी जास्त भरून तापते. शेवटी दोन्ही जातात आणि बोल ड्रायव्हरला लागतो.

म्हणून तिसरी, १२ व्होल्टची बॅटरी घ्यावी आणि २४ व्होल्टवरून १२ व्होल्टची बॅटरी भरणारा चार्जर मधे बसवावा. इंजिन चालू असतानाच चार्ज देणारा आणि इंजिन बंद होताच तोडणारा चार्जर पाहून घ्यावा. मग रात्रभर पंखा फिरला तरी सेल्फच्या बॅटऱ्यांना धक्का लागत नाही.

बॅटरी किती मोठी घ्यावी, याचा हिशेब मुलांकडून पाटीवर करून घ्या. पंखा २५ वॅट आणि दिवा ५ वॅट, मिळून ३० वॅट. आठ तासांचे २४० वॅट-तास झाले. त्यास १२ ने भागले की २० अँपिअर-तास येतात. ॲसिडची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणजे ४० ची तरी हवी. मोबाईल आणि बॅटरीचे वय धरून ६० ची घेतलेली बरी. सेल्फच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात. वारंवार रिकामे होणे त्यांना सोसत नाही. त्यासाठी इन्व्हर्टरला वापरतात तशा, जाड पट्ट्यांच्या बॅटरीची चौकशी करावी.

आता भरण्याचे पाहू. रात्री २० अँपिअर-तास खर्च झाले आणि चार्जर १० अँपिअरचा असला, तर दोन तासांत भरेल असे वाटते. तसे होत नाही. शेवटचा भाग हळूहळू भरतो, थोडे वाया जाते. चार-पाच तास धरावेत. लांबच्या गाडीला हे जमते. उसाच्या गाडीचे इंजिन मात्र दिवसभरात थोडेच चालते. तिची बॅटरी दररोज थोडी उणी राहते, पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि वर्षभरातच ती निकामी होऊ शकते. अशा गाडीच्या टपावर १०० वॅटचे सोलर पॅनेल कंट्रोलरसह बसवावे, किंवा सुटीच्या दिवशी बॅटरी घरच्या चार्जरवर पूर्ण भरावी. ६० च्या बॅटरीला ६ अँपिअर पुरे. काही तास विश्रांतीनंतर मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ दिसले तर अर्धी समजावी.

पुढील गोष्टी जिवाच्या आहेत, म्हणून घरातील सर्वांनी वाचाव्यात. बॅटरीजवळ, वायरच्या सुरुवातीलाच फ्यूज हवा. दुसऱ्या टोकालाही बॅटरी असेल तर तेथेही हवा. फ्यूज नसलेली वायर पत्र्याला घासली तर झोपलेल्या माणसाभोवती केबिन पेटते. बॅटरी केबिनमध्ये ठेवू नये. चेसीवर, हवा खेळणाऱ्या पेटीत, उभी आणि पट्ट्याने आवळून ठेवावी. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, तेथे बिडी ओढू नये. काम करताना अंगठी काढावी आणि निगेटिव्हची वायर आधी सोडावी. पाणी डिस्टिल्डच घालावे.

गाडी मालकाची असते, तेव्हा खर्चही त्याच्याकडेच मागावा. मागताना संकोच कशाला? व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते आणि देशातील विजेच्या विकासाचा विचारही त्याच खात्यात झाला. कामगार आणि वीज हे दोन्ही विषय एकाच टेबलावर होते. पुढे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरच्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हे त्यातून मान्य झाले.

ज्याची झोप झालेली नाही त्याच्या हाती स्टिअरिंग देणे म्हणजे रस्त्यावरच्या सर्वांच्या जिवाशी खेळणे. माउलीने बांधून दिलेली भाकरी खाऊन तिच्या लेकराने चार तास शांत झोपावे आणि सकाळी सुखरूप घरी यावे, एवढ्यासाठी हा हिशेब मांडला. हे पान कापून मुलाच्या डब्यात ठेवा.

जयभीम!