डीपी स्वस्तात आली, पण २५ वर्षांचं बिल कोणाच्या माथी?

वसई : पावसाळा आला की अर्नाळा-आगाशीपासून पारोळ-शिरसाडपर्यंत एकच वाक्य कानावर पडतं, ‘डीपी गेली.’ डीपी, म्हणजे कागदावरचं वितरण रोहित्र, जळालं की बातमी होते. पण ते व्यवस्थित चालू असतानाही रोज किती वीज खातं, याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. खरा खर्च तिथेच आहे.

डीपी दोन प्रकारे वीज खाते. पहिला ऱ्हास लोखंडी गाभ्यातला. गावात एकही दिवा लागलेला नसला, तरी डीपीला वीज जोडलेली आहे तोवर तो चोवीस तास चालूच. दुसरा ऱ्हास वेटोळ्यांमधला. तो भाराप्रमाणे वाढतो आणि तोही वर्गाच्या हिशेबाने. भार दुप्पट झाला की हा ऱ्हास चौपट. म्हणून आकडे टाकून वाढवलेला भार डीपीला लवकर तापवतो.

आता हिशेब पाहू. आयएस ११८० या भारतीय मानकात ११ केव्ही वर्गातल्या १०० केव्हीए रोहित्राला निम्म्या भारावर पहिल्या स्तरात ५२० वॅट, तर तिसऱ्या म्हणजे सर्वात काटकसरी स्तरात ४३५ वॅट एकूण ऱ्हास चालतो. फरक फक्त ८५ वॅटचा, एखाद्या पंख्याएवढा. पण हा पंखा कधीच बंद होत नाही. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे वर्षाला सुमारे ७४५ युनिट, २५ वर्षांत १८,६०० युनिट. युनिटला ७ रुपये धरले तर १ लाख ३० हजार रुपये.

अर्थात आजचा रुपया आणि वीस वर्षांनंतरचा रुपया सारखा नाही. दरसाल १० टक्के व्याज धरलं, तर ही बचत आजच्या किमतीत साधारण ४७ हजार भरते. थोडक्यात, तिसऱ्या स्तराचं रोहित्र ४७ हजारांपेक्षा कमी फरकाने महाग असेल, तर महागडंच स्वस्त पडतं. डीपीवर कायम जास्त भार असेल तर फरक आणखी वाढतो. पूर्ण भारावर तो ८५ नव्हे, ३०० वॅटचा आहे.

हे पैसे भरतं कोण? गावातली डीपी महावितरणची. पण वाया गेलेल्या विजेचा खर्च वीज नियामक आयोगाने मान्य केलेल्या मर्यादेत दरात धरला जातो, म्हणजे शेवटी ग्राहकाच्याच बिलात येतो. वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात उच्चदाब जोडणी घेऊन स्वतःचं रोहित्र बसवणाऱ्या कारखानदाराला तर तो थेट सोसावा लागतो. अशा वेळी फक्त सर्वात कमी दराची निविदा पाहणं म्हणजे म्हैस घेताना तिची किंमत विचारायची आणि चाऱ्याची विचारायची नाही.

आपल्या भागात त्यात आणखी भर पडते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने टाकी आणि जोड गंजतात. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं, तेव्हा वीजही गेली होती. त्यामुळे उंच चौथरा, गंजरोधक रंग, चांगलं अर्थिंग यावरचा खर्च उधळपट्टी नव्हे.

गावकऱ्यांनाही काही करता येईल. नवीन डीपी आली की तिच्यावरची पाटी पाहा, क्षमता आणि ऱ्हासाचा स्तर विचारा. तेल गळताना दिसलं, एकाच फेजवर भार वाढला, फ्यूजच्या जागी जाड तार दिसली, तर महावितरणकडे लेखी तक्रार द्या आणि तिची पोच ठेवा. स्वतः मात्र डीपीला हात लावू नका. ग्रामसभेत नवीन डीपीची मागणी करताना ‘कधी येणार’ याच्या जोडीला ‘कोणती येणार’ हाही प्रश्न हवा.