सुट्टी कोणाची, मोबाईल कोणाचा?

सण जवळ आला की आपल्याकडे एक भाषण ठरलेलं असतं. पूर्वी बायका एकत्र बसून फराळ करायच्या, हल्ली सुट्टीच्या दिवशीसुद्धा मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. बोलणारे बहुधा पुरुष असतात आणि माना डोलावणाऱ्या आपण. मला या भाषणाचा वीट आलाय. वीट आला म्हणूनच नव्हे, ते खोटं आहे म्हणूनही त्याला उत्तर द्यायला हवं.

आपण सणाला मोबाईल हातात घेतो, हे खरं. पण कशासाठी? 'गूगल ट्रेंड्स' नावाची सोय आहे, कोणालाही फुकट बघता येते. एखादा शब्द लोकांनी कधी जास्त शोधला, कधी कमी, याचा आलेख तिथे मिळतो. सगळ्यात उंच टोकाला 100 धरायचं आणि बाकीचं त्या प्रमाणात. त्यात 'रांगोळी' घालून बघा. वर्षभर रेघ जमिनीला चिकटलेली आणि दिवाळीत एकदम सुळका. 'मोदक' घाला, तो सुळका गणेश चतुर्थीला. शोधणारी बाई की बुवा, हे आलेख सांगत नाही. पण चकली तेलात विरघळायला लागली की 'चकली का विरघळते' हे घरातलं कोण विचारत असेल, ते कळायला आलेख कशाला हवा?

पूर्वी हा प्रश्न सासूबाईंना नाहीतर शेजारच्या काकूंना विचारायचा. आता सासूबाई गावी, काकू मुलाकडे पुण्याला. विचारायचं कोणाला? आपल्या घरांत तर कांदा, लसूण, बटाटा नाही, दशलक्षणात हिरवी भाजीही बंद. मग दहा दिवस डाळी-कडधान्यांचे नवे प्रकार शोधा. वर सूर्यास्ताआधी ताटं वाढून झाली पाहिजेत, म्हणून 'आजचा सूर्यास्त' बघा. (लेक बेंगळुरूला असेल तर तिचा वेगळा बघा. तिथे आपल्या बेळगावच्या आधी दहा-बारा मिनिटं सूर्य मावळतो.) याला मोबाईलवर वेळ घालवणं म्हणतात होय? हा स्वैपाक आहे. फक्त त्याची वही आता काचेची झाली आहे.

सरकारने 2019 साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं गेलेली दिसली. पुरुषांमध्ये हे काम करणारेच थोडे, आणि जे करतात त्यांची 97 मिनिटं. महावीर जयंतीला कचेरी बंद असते, बँक बंद असते, शाळा बंद असते. गॅस बंद असतो का? उलट घरात चार माणसं जास्त, चहाच्या दोन फेऱ्या जास्त.

मग सुट्टीला मोबाईल रिकामेपणी चालवतं कोण? सोफ्यावर बघा. 31 डिसेंबर 2019 या एका दिवसात जगभरात व्हॉट्सॲपवर 100 अब्ज संदेश गेले, त्यातले 20 अब्जांहून अधिक एकट्या भारतातून. हे आकडे कंपनीनेच अभिमानाने सांगितले होते. शुभेच्छा म्हणजे तिकडचं चित्र इकडे सरकवायचं. लिहायला नको, वाचायला तर नकोच.

दिवाळीच्या दिव्यांची चित्रं सरकवा, माझं काही म्हणणं नाही. नवीन वर्षालाही नाही. माझं भांडण क्षमावाणीच्या दिवसाशी आहे. दहा दिवस व्रत-उपवास करून आपण ज्या दिवसापाशी येतो, त्या दिवशी काय होतं? हात जोडलेलं एक कमळवालं चित्र येतं. खोट्या बातम्या पसरतात म्हणून 2018 साली आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवायची मर्यादा आली, तर क्षमाही पाच-पाचच्या हप्त्याने वाटली जाते. ज्यांना तेवढाही धीर नाही ते यादी करून एकदम 256 जणांची क्षमा मागतात. त्या यादीत ती बहीणही असते, जिच्याकडून वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि नंतर फोनसुद्धा केला नाही. तिलाही तेच कमळ. तिने काय समजायचं? झालं, मिटलं? तीसुद्धा बिचारी उलट जोडलेले हात पाठवते, कारण न पाठवलं तर आकस धरला म्हणतील.

असं घर माझ्या माहितीत एक नाही, तुमच्याही नसेल. 'कळत-नकळत दुखावलं असेल' असं त्या चित्रावर छापलेलं असतं. नकळतचं सोडा, कळून केलेल्याचं नाव घ्या ना. ते नाव घ्यायला तिच्या दारात जावं लागतं, निदान फोन करून दोन मिनिटं तिचं रडणं ऐकावं लागतं. आणि मोबाईल आमच्या हातात असतो म्हणून भाषण आम्हालाच!

व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये एक सोय आहे, फक्त ॲडमिननेच लिहायचं आणि बाकीच्यांनी गप्प राहायचं. येत्या क्षमावाणीला समाजाचा ग्रुप दिवसभर तसा ठेवावा आणि ॲडमिननीही काही टाकू नये, असं मी मंडळात मांडणार आहे. ज्याला क्षमा मागायची त्याने नंबर फिरवावा. आमच्या ग्रुपचे चारही ॲडमिन पुरुष आहेत, तेव्हा परवानगी त्यांचीच लागेल.