शील तुमचे, जीव तिचा!

बाई कळांनी तळमळत असताना तिच्या शीलाचा खल करत बसणाऱ्यांना आम्ही धर्मरक्षक म्हणणार नाही. ते तिच्या जिवाचे वैरी आहेत. त्यांच्या डोक्यावर न्यूयॉर्कमधल्या बरो पार्कची काळी हॅट असो, की आमच्या सुरतेतल्या लिंबायत-नवागाम-डिंडोलीतल्या एखाद्या समाजधुरीणाची पांढरी टोपी. गुन्हा एकच आहे.

पॉला आइसेल्ट या दिग्दर्शिकेचा '93 क्वीन' हा 2018 सालचा माहितीपट पाहून आमचे रक्त उकळले. ब्रुकलिनच्या बरो पार्कमध्ये हसिदी ज्यूंची दाट वस्ती आहे. तिथल्या बाईने परपुरुषाचा हातही हातात घ्यायचा नाही, अशी रीत. पण घरात आणीबाणी उद्भवली की धावून येते ती 'हात्झोला' ही स्वयंसेवकांची रुग्णवाहिका, आणि तिच्यात सगळे पुरुष. बाईला तिथे प्रवेश नाही. हात्झोलाने असंख्य जीव वाचवले, त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु ज्या शेजाऱ्यापुढे बाईने जन्मभर अंग चोरून वावरायचे, तोच ऐन प्रसूतीच्या वेळी तिच्यासमोर उभा राहतो आणि चार दिवसांनी रस्त्यात पुन्हा भेटतो! या बायकांनी मागितले तरी काय? बाईच्या मदतीला बाई, एवढेच. रूखी फ्रायर या वकील बाईंनी, सहा मुलांच्या आईने, 2014 मध्ये 'एझरास नाशिम' हे निव्वळ बायकांचे पथक उभे केले, तेव्हा त्यांची टिंगल झाली, बदनामी झाली, दडपण आणले गेले. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथसुद्धा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा नियमसुद्धा, मोडावा, अशी त्या धर्माची आज्ञा आहे. शब्बाथ मोडला तरी चालतो, पुरुषांची मक्तेदारी मात्र मोडायची नाही! फ्रायरबाई मागे हटल्या नाहीत. 2016 मध्ये त्या न्यायाधीश म्हणून निवडून आल्या आणि त्यांचे पथक चालूच राहिले.

हे सारे परक्यांचे म्हणून आम्हाला बाजूला सारता येणार नाही. अलिबाग-रेवदंड्याचे बेने इस्रायल हे ज्यूच, आणि त्यांची भाषा मराठी. त्याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, हजारो बायकांच्या बाळंतपणांची जबाबदारी त्यांनी वाहिली, 1966 मध्ये पद्मश्री मिळवली. धर्म तोच. तेव्हा आडवा येतो तो धर्म, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही.

आणि सुरतेने तर ही सबब बोलूच नये. या शहरात डॉ. रखमाबाई राबल्या आहेत.

अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेली ही मुलगी. नवरा दादाजी भिकाजी याच्या घरी नांदायला तिने नकार दिला आणि 1884 पासून मुंबईच्या हायकोर्टात खटला उभा राहिला. मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली! साऱ्या महाराष्ट्रात गहजब झाला. ज्या अग्रलेखाच्या परंपरेत आम्ही आज लिहीत आहोत, तिच्यातली सर्वांत धारदार लेखणी, लोकमान्यांची, त्या वेळी या एकाकी मुलीवर चालली. आम्ही लोकमान्यांपुढे नतमस्तक आहोत. तरीही सांगतो, त्या लढाईत लोकमान्य चुकले आणि रखमाबाई बरोबर होत्या. 1888 मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीने तडजोड केली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळात रुजू झाल्या.

त्या इस्पितळात बायका यायला तयार नव्हत्या. घरातल्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हाताखाली मरण आले तरी चालेल, पण उंबरठा ओलांडायचा नाही. सांगतात की रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणवली आणि तिची सुटका करून दाखवली; जनावर सुखरूप सुटते आहे, पिल्लू उभे राहते आहे, हे बायकांनी पाहिले तेव्हा त्यांची भीती चेपली. ज्या बाईला तिच्याच माणसांनी कुलबुडवी ठरवले, ती परक्या शहरातल्या बायकांचा विश्वास अशी एकेक करून मिळवत होती. प्लेगच्या साथीत त्या कामावर उभ्या राहिल्या. वीसहून अधिक वर्षे त्यांनी सुरतेला दिली, मग राजकोटला गेल्या. उधना-पांडेसऱ्याच्या मराठी घरांत आज किती मुलींना हे नाव सांगितले जाते? खानदेशातून तापीच्या काठाकाठाने रेल्वेत बसून आलेल्या आमच्या लोकांनी या शहरात लूम चालवले, साड्यांचे गठ्ठे वाहिले, मतांच्या जोरावर नेते निवडून आणले. पण मुलगी दहावी झाली की बापाच्या तोंडून वाक्य येतेच: नर्सिंग नको, त्यात रात्रपाळी असते.

आणि हाच बाप सुनेला दिवस गेले की दवाखान्यात पहिला प्रश्न विचारतो, लेडी डॉक्टर आहे का? अहो, लेडी डॉक्टर, लेडी नर्स, रुग्णवाहिकेतली बाई ही काय आभाळातून पडणार आहे? ती कोणाची तरी मुलगीच असणार, आणि रात्री दोन वाजता घराबाहेरच असणार! दुसऱ्याच्या मुलीने रात्र जागवावी, माझी घरात झाकून राहावी, या वृत्तीला आम्ही संस्कार म्हणणार नाही. हा निखळ स्वार्थ आहे.

सरकारनेही या बापांपेक्षा मोठे मन दाखवलेले नाही. 2005 पासून 'आशा' नावाची आरोग्यसेविका या देशातल्या माता-बालकांचा भार वाहते आहे. पुढे शहरी वस्त्यांतही ती आली. रात्री तिचा मोबाइल वाजतो. 'ताई, पोट दुखतंय हिचं.' ती रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावते, गरोदरपणाच्या नोंदींचे ममता कार्ड शोधायला सांगते, गल्ली अरुंद असेल तर बाईला धरून नाक्यापर्यंत चालवत नेते, तिच्याबरोबर गाडीत चढते. सिव्हिल किंवा स्मीमेर इस्पितळात पोचल्यावर केसपेपर काढते, कळा देणारीचा हात सोडवून बाहेर येते आणि पहाटेपर्यंत भिंतीला टेकून बसते. परतीला गाडी नसते. उजाडल्यावर शेअर रिक्षाने घरी येऊन ती नवऱ्याचा डबा करते, कारण लूमची पाळी सातला असते.

या बाईला सरकार काय म्हणते? स्वयंसेविका! पगार नाही, कामागणिक मोबदला. जननी सुरक्षा योजनेत शहरातल्या एका प्रसूतीमागे आशाचे 400 रुपये, त्यातले निम्मे गरोदरपणाच्या महिन्यांतल्या पाठपुराव्याचे आणि निम्मे इस्पितळातल्या प्रसूतीचे. ज्या रात्रीत दोन जीव तिच्या भरवशावर असतात, त्या रात्रीची किंमत 200 रुपये! मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला तेव्हा दिल्लीपासून गल्लीपर्यंत अभिनंदनाचा वर्षाव झाला. तिकडे महाराष्ट्रात याच आशांना 2023-24 मध्ये संप करून रस्त्यावर बसावे लागले. कौतुकाने चूल पेटत नाही. जी बाई रोज, वर्षानुवर्षे, ठरलेल्या वस्तीत, ठरलेल्या नोंदवह्या भरते, तिला स्वयंसेविका म्हणणे ही फसवणूक आहे, आणि ती फसवणूक सरकार करते आहे.

मग कोणी म्हणतो, बायकांसाठी रात्र सुरक्षित नाही. कोणी केली असुरक्षित? 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग ही परिचारिका तळघरात कपडे बदलत असताना तिच्यावर हल्ला झाला. एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ ती अंथरुणाला खिळून राहिली. 9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर इस्पितळात डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. मधल्या अर्धशतकात कर्तव्यावरच्या बाईला कडी लागणारी एक खोली आम्ही देऊ शकलो नाही! आणि त्या खुनानंतर पश्चिम बंगाल सरकारला सुचले काय, तर शक्य तिथे बायकांना रात्रपाळी देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने त्या सरकारला फटकारले, की बायकांना सवलत नको आहे, संरक्षण द्या. संरक्षण द्यायचे सोडून बाईला घरी पाठवणाऱ्या सरकारात आणि बरो पार्कच्या दारवानांत आम्हाला तसूभरही फरक दिसत नाही. सावित्रीबाई फुल्यांनी 1897 च्या प्लेगमध्ये मुंढव्याचे आजारी पोर स्वतःच्या पाठीवर घालून आपला मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात नेले आणि त्याच प्लेगने त्यांचा प्राण घेतला. त्यांना रात्रपाळी नको म्हणून कोणी अडवले असते, तर त्या थांबल्या असत्या काय?

आमची मागणी लांबलचक नाही. आशा ही सरकारची कर्मचारी आहे, तिला महिन्याच्या महिन्याला पगार द्या. कळा सुरू झालेल्या बाईसाठी निघणाऱ्या प्रत्येक 108 मध्ये प्रशिक्षित बाई असू द्या, आणि तितक्या बाया मिळत नसतील तर उधना-लिंबायतच्या मुलींना फुकट शिकवून तयार करा. प्रत्येक सरकारी प्रसूतिकक्षाशेजारी आशांसाठी कडी लागणारी खोली आणि संडास हवा. रात्री बाईबरोबर गेलेल्या आशाला रात्रीच घरी सोडायला गाडी हवी. ज्या शहराच्या तिजोरीतून उड्डाणपुलांसाठी पैसे निघतात, त्या शहराने यासाठी पैसे नाहीत असे म्हणूच नये.

आणि लिंबायतच्या गल्ल्यांत हात जोडून मते मागायला जे येतील, मराठीत गोड बोलतील, शिवजयंतीची वर्गणी देतील, त्यांना उंबऱ्याबाहेरच उभे करून आमच्या बायांनी एवढेच विचारावे: आशाचा पगार कोणत्या तारखेपासून?