भूक मारणारी सुई आणि उपवासाचे ताट

मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्याच्या आसपास मिठाईची, फरसाणाची आणि औषधांची दुकाने एकमेकांच्या शेजारी सुखाने नांदतात. या शेजाराचा अर्थ कोणा मधुमेहतज्ज्ञाला समजावून सांगण्याची गरज नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीने देशातील मधुमेहींचा आकडा 10.1 कोटी सांगितला. मार्च 2025 मध्ये टिर्झेपेटाइड आणि पाठोपाठ जूनमध्ये वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आले, तेव्हा अशा उपनगरांत त्यांचे स्वागत होणार हे उघड होते.

या औषधांचा उपहास करण्याचे कारण नाही. 1,961 व्यक्तींवरील आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांनी उतरले. हृदयविकार असलेल्या स्थूल रुग्णांत पुढील आघातांचे प्रमाण पाचव्या हिश्शाने घटल्याचे 2023 मध्ये दिसून आले. परंतु जठर रिकामे होण्याची गती मंदावणे आणि मेंदूला तृप्तीचा संदेश देणे हीच ज्या औषधाची कार्यपद्धती, त्याचा उपद्रव पोटापासूनच सुरू व्हावा हे क्रमप्राप्त आहे. त्या 2021 च्या चाचणीत 44 टक्के लोकांना मळमळ झाली. बहुतेकांची ती काही आठवड्यांत ओसरते. पित्ताशयातील खडे व स्वादुपिंडाचा दाह हे विरळ, पण गंभीर. युरोपीय औषध नियामकाने जून 2025 मध्ये सेमाग्लुटाइडच्या संदर्भात दृष्टिमज्जेच्या एका विकाराचीही नोंद घेतली. तो दहा हजारांत फार तर एकाला होतो, मात्र गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. औषध थांबवल्यावर वजन पुन्हा चढते, हे तर दुकानात कोणी सांगतच नाही.

परदेशी चाचण्यांच्या तक्त्यांत न सापडणारा प्रश्न आपल्या घरांत आहे, आणि तो उपवासाचा. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. मुलुंडच्या जैन कुटुंबांत पर्युषण. आधीच अन्नावरची वासना उडालेली, त्यात उलट्या, आणि वर निर्जळ व्रत, असा योग जुळला की शरीरातील पाणी घटून मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. सोबत ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर साखर एकाएकी उतरण्याचा धोका निराळाच. वजनाबरोबर स्नायूही झिजतात. साबुदाणा, बटाटा आणि भगर यांच्या ताटातून ती झीज भरून निघत नाही.

झीज आपल्याकडे अधिक महाग पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये आपल्या इंग्रज सहकाऱ्याशी स्वतःची तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचा शरीरभार निर्देशांक सारखाच, 22.3, चरबी मात्र इंग्रजाच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. ज्यांच्या शरीरात मुळातच स्नायू कमी, त्यांनी केवळ काट्यावरचा आकडा पाहून समाधान मानणे धोक्याचे आहे.

रोसिग्लिटाझोन 2010 मध्ये आणि सिब्युट्रामिन 2011 मध्ये देशात बंद झाले. एक मधुमेहावरचे, दुसरे वजनावरचे. दोन्ही आधी वर्षानुवर्षे विकली गेली होती. नव्या औषधांचे तसेच होईल असे मानण्यास आज आधार नाही. मात्र सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच असल्याने स्वस्त पर्यायांची वाट मोकळी झाली आहे. चार हप्त्यांच्या मात्रेसाठी हजारो रुपये मोजावे लागत होते, तेव्हा निदान किमतीचा तरी लगाम होता. तो सुटल्यावर उरते ती डॉक्टरांची चिठ्ठी, आणि औषधदुकानांत तिचा मान किती राखला जातो हे मुंबईकरांस ठाऊक आहे.

दुष्परिणामांची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा 2010 पासून अस्तित्वात आहे. तिचे केंद्र गाझियाबादला. तेथे रुग्णालाही थेट तक्रार कळवता येते. पण उलट्यांनी हैराण झालेला माणूस जातो तो कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे. तो पित्तावरची गोळी देतो, घरचे ओवा चघळायला सांगतात, आणि नोंद तेथेच संपते.